कच्च्या वाचकांना लघुकादंबरी शिकवताय? या चुका टाळा

पुस्तक लहान आहे, आठवड्याभरात उरकेल, या हिशेबाने सुरुवात केली की पुढचं सगळं बिघडतं. जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) घ्या. प्रकरणं फक्त सहा, पण पहिल्याच पानावर नदीकाठचं वर्णन. अडखळत वाचणारं मूल तिथेच पुस्तक मिटतं. तेवढं वर्णन तुम्ही वाचून दाखवा आणि लगेच जॉर्ज आणि लेनी या दोन भटक्या शेतमजुरांच्या बोलण्यावर या.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे आळीपाळीने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावणं. एका शिक्षकांच्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारचा मुलगा आपल्या वाट्याच्या परिच्छेदावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत तो घोकत होता. गोष्ट त्याच्या कानांवरून जात होती. एक परिच्छेद लांबलचक निघाला, शिक्षकांनी तो दोघांत वाटला आणि मुलाचा हिशेब चुकला. नाव घेतल्यावर त्याने घोकलेलाच परिच्छेद वाचला. वर्ग खो-खो हसला. नंतर कित्येक दिवस त्याने पुस्तक दप्तरातून बाहेरच काढलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. वर्णन मी वाचतो, संवाद मुलं वाचतात, आणि कोणाला कोणाचे संवाद ते आदल्या दिवशी सांगतो. ही कादंबरी रंगमंच डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेली आहे, प्रत्येक प्रकरण जवळजवळ एकाच जागी घडतं, त्यामुळे हे सहज जमतं. सगळ्यात कच्च्या वाचकाला मुद्दाम कँडीचे, म्हणजे शेतावरच्या म्हाताऱ्या कामगाराचे, संवाद देतो: वाक्यं छोटी, पण तिसऱ्या प्रकरणाचा सगळा भार त्याच्यावर. कँडीचा म्हातारा कुत्रा बाहेर नेला जातो, खोलीत कोणी धड बोलत नाही, जॉर्ज पत्ते पिसत राहतो, मग गोळीचा आवाज. इथे घाई करू नका. पुढे कँडी म्हणतो की कुत्र्याला मीच मारायला हवं होतं. हे वाक्य मुलांच्या ध्यानात राहिलं तर शेवट, जिथे जॉर्ज स्वतःच लेनीला गोळी घालतो, समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी चूक पार्श्वभूमीची. १९२९ची मंदी, कॅलिफोर्नियातले भटके शेतमजूर, सगळं आधी सांगून टाकायचं आणि पुस्तक उघडेपर्यंत मुलं कंटाळलेली. दहा मिनिटं पुरतात. बाकीचं मुलं विचारतील तेव्हा.

कठीण शब्दांच्या लांब याद्या देऊ नका. दर पानाला प्रश्न नकोत. सिनेमा आधी दाखवू नका. आणि तयार सारांश वाटणाऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यातून मुलाला एवढंच कळतं की हे पुस्तक त्याला झेपणार नाही, असं शिक्षकांनीच ठरवलंय.

शेवटचं प्रकरण कधीही घरी वाचायला देऊ नका. ते वर्गातच, मध्ये न थांबता वाचा. प्रश्न दुसऱ्या दिवशी.