आयव्हर नोव्हेलोवर अर्ध्या तासाचा प्रयोग कसा बसवावा

नोव्हेलो म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सचा संगीतकार, नाटककार आणि नट. उत्सवातल्या नाटकांना ऑर्गनची साथ करत आलोय, तेव्हा माझा सल्ला सरळ आहे: पहिला प्रवेश जन्माचा नको. कार्डिफ, १८९३, आई क्लारा गाणं शिकवायची, एवढं सूत्रधाराने एका दमात सांगावं. पडदा १९१४ वर उघडा. २१ वर्षांच्या पोराने ‘कीप द होम फायर्स बर्निंग’ला चाल दिली आणि युद्धाच्या त्या दिवसांत ती घरोघरी गेली. पायपेटीवर छान बसते. तबला मात्र गप्प ठेवा. ठेका धरला की भजन होतं.

आता खरी गंमत. फोंडा-मंगेशीच्या प्रेक्षकाला नायक गाणार हे गृहीतच असतं, शेवटी मास्टर दीनानाथांचा मुलूख! नोव्हेलो स्वतः नाटक रचायचा, चाली द्यायचा, नायकही स्वतःच व्हायचा, पण पदं दुसऱ्यांच्या तोंडी. ‘द डान्सिंग इयर्स’मध्ये (१९३९) तो संगीतकाराच्या भूमिकेत होता. म्हणून तुमच्या नटालाही गायला लावू नका, कितीही आग्रह झाला तरी. गाणारी बाई वेगळी घ्या, चांगली घ्या, वन्समोअर तिला मिळू दे. हिचकॉकच्या ‘द लॉजर’ (१९२७) या मूकपटात तो नायक होता; तो तुकडा मूकच करा, फक्त ऑर्गनवर.

बॉबी अँड्र्यूजपाशी मंडळी अडखळतात. हा नट नोव्हेलोचा जोडीदार, सुमारे ३५ वर्षं, शेवटपर्यंत. ‘जिवलग मित्र’ लिहून मोकळं होऊ नका. एखाद्या चरित्रनाटकात बायको जशी चहा घेत तालमीवर शेरे मारते, तसा बॉबी वावरू द्या. निळा प्रकाश आणि हुंदके नकोत. इंग्लंडात असे संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते, हे सूत्रधाराने एकदाच सांगावं.

त्याला लागूनच तुरुंगाचा प्रवेश आला, तर प्रेक्षक चुकीचं गणित मांडतील. १९४४ मध्ये नोव्हेलो आत गेला तो युद्धकाळातल्या पेट्रोलच्या कूपनांच्या गैरवापरासाठी. आठ आठवड्यांची शिक्षा अपिलात चारवर आली. हे दोन्ही प्रवेश लांब ठेवा, मध्ये एक पद घाला.

मृत्यूचा प्रवेश लिहूच नका. ‘किंग्ज ऱ्हॅप्सडी’चा प्रयोग आटोपून काही तासांतच, ६ मार्च १९५१ ला, तो गेला, एवढं वाक्य पुरतं.

हक्कांचं म्हणाल तर आपल्याकडे ते मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, म्हणजे त्याच्या चाली मोकळ्या. जुनी ध्वनिमुद्रिका वाजवायची असेल तर तिचे हक्क वेगळे. ते तालमीआधीच तपासा.