वाळू फसफसली म्हणजे ती सुरक्षित ठरली असं नाही: रीफ टाकीत या चुका टाळा

रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, पंप बिघडला तर अर्ध्या तासात बदलता येतो. दिवा पटला नाही तर दुसरा लावता येतो. वाळूचं तसं नाही. ती एकदा पसरली, जिवाणूंनी तिच्यात घर केलं, मासे तिच्यात झोपायला लागले, की ती बाहेर काढणं म्हणजे टाकी जवळजवळ मोडून पुन्हा लावणं. म्हणून वाळूची परीक्षा ती बादलीत असतानाच घ्यायची. आणि ती घेताना एक प्रश्न सोडायचा नाही: ही वाळू याआधी कुठे होती आणि तिथून काय घेऊन आली?

व्हिनेगरच्या भरवशावर निर्णय

वाटीत चमचाभर वाळू, वर पांढरं व्हिनेगर. बुडबुडे आले की अनेक जण ती वाळू पास करून टाकतात. बुडबुड्यांचा अर्थ इतकाच की त्या वाळूत कार्बोनेट आहे, म्हणजे अ‍ॅरागोनाइट, कॅल्साइट (ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटची खनिजं), शिंपल्यांचा चुरा यांपैकी काहीतरी. तिच्यात तांबं आहे का, फॉस्फेट आहे का, तेलाचा अंश आहे का, याबद्दल व्हिनेगर काहीच सांगत नाही. शिंपल्यांचे तुकडे मिसळलेली बांधकामाची वाळूसुद्धा फसफसते.

चुंबकाची चाचणीही अशीच अर्धवट. जोरदार चुंबक पातळ पिशवीत गुंडाळून कोरड्या वाळूतून फिरवा. काळे कण चिकटून आले तर लोहयुक्त खनिज आहे हे नक्की, आणि ती वाळू मी तरी घेणार नाही. पण काहीच चिकटलं नाही म्हणून वाळू धातुमुक्त ठरत नाही, कारण तांबं आणि शिसं चुंबकाला चिकटतच नाहीत.

त्यापेक्षा भिजवण्याची चाचणी खूप काही सांगते. दोन स्वच्छ बरण्या घ्या. दोन्हींत टाकीसाठी बनवलेलं तेच खारं पाणी भरा, खारटपणा ३५ पीपीटी (दर किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार). एका बरणीत एक तृतीयांश उंचीपर्यंत धुतलेली वाळू घाला, दुसरीत फक्त पाणी ठेवा. आठवडाभर रोज एकदा हलवा आणि मग दोन्हींतलं फॉस्फेट, नायट्रेट आणि अमोनिया मोजा. दुसरी बरणी बिनकामाची वाटते, पण तीच महत्त्वाची आहे. फॉस्फेट मिठातून किंवा मूळ पाण्यातून आलं असेल तर ते दोन्हीकडे दिसेल. फक्त वाळूच्या बरणीत वाढलं असेल तर दोष वाळूचा. पाण्यावर तेलकट तवंग किंवा कुजका वास आला तर किट उघडायचीही गरज नाही.

तांब्याच्या बाबतीत मात्र घरगुती किटवर विसंबू नका. गोगलगाई आणि कोळंबीला त्रास होईल इतकं कमी प्रमाण अशा किटवर अनेकदा शून्यच दिसतं. प्रयोगशाळेतली आयसीपी चाचणी (पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी) जास्त बारकाईने मोजते. तरीही वाळूच्या पूर्वेतिहासाबद्दल शंका असेल तर चाचणीच्या मागे न लागता ती वाळू नाकारावी, हे माझं मत.

मोडलेल्या टाकीतली वाळू 'तयार' समजून घेणं

ही चूक मी केली आहे. टाकी बंद करणाऱ्या एका शौकिनाने मला दोन बादल्या सुंदर पांढरी वाळू दिली. वर्षानुवर्षं चाललेली टाकी, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू आयतेच मिळाले, असं मला वाटलं. चार दिवसांत गोगलगाई काचेवरून सुटून तळाशी पडू लागल्या. सहाव्या दिवशी कोळंबी मेली. मासे मात्र ठणठणीत होते, आणि खूण तीच होती. पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की दोन वर्षांपूर्वी माशांवर पांढरे ठिपके आले असताना त्या टाकीत तांब्याचं औषध घातलं होतं.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉनवर, तांबं खरोखर चालतं. पण औषधाची जी मात्रा मासे सोसतात तीच गोगलगाई, कोळंबी आणि प्रवाळांना मारते. त्यात कॅल्शियम कार्बोनेटची वाळू आणि दगड पाण्यातलं तांबं धरून ठेवतात आणि पुढे परिस्थिती बदलली की थोडं थोडं सोडू शकतात. ते पूर्ण निघून गेलं याची खात्री घरी करता येत नाही. म्हणून जुनी वाळू घेताना पहिला प्रश्न औषधांचा विचारा. नेमकं उत्तर मिळालं नाही तर ते 'हो' धरा.

औषध कधीच घातलं नसेल तरी जुन्या वाळूत दोन गोष्टी साठलेल्या असतात. एक म्हणजे फॉस्फेट: ते कार्बोनेटच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि नव्या, स्वच्छ पाण्यात पुन्हा सुटतं. टाकी नवी असूनही फॉस्फेट खाली येत नाही, तेव्हा अनेकदा कारण हेच असतं. दुसरा म्हणजे गाळ. खोल थरात ऑक्सिजन नसलेल्या भागात हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. जुनी वाळू एका झटक्यात उपसून मासे असलेल्या पाण्यात ओतली की तो वायू आणि सगळा गाळ एकदम सुटतो. घर बदलताना टाक्या कोसळतात त्यामागे हे नेहमीचं कारण आहे. जुनी वाळू वापरायचीच असेल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि ती कोरड्या नव्या वाळूसारखीच धरा. जिवाणूंचा बराचसा भाग धुण्यात जाणार, हे मान्य करून चला.

किनाऱ्यावरची आणि बांधकामाची वाळू

'समुद्राचीच वाळू, समुद्राच्याच टाकीत' हा विचार सरळ वाटतो. पण किनाऱ्यावरच्या वाळूत सांडपाणी, बोटींचं तेल, धातू आणि मेलेले सूक्ष्मजीव असू शकतात. शिवाय कित्येक किनाऱ्यांवरून वाळू उचलायला कायद्याने बंदी आहे. बांधकामाच्या वाळूत चिकणमाती, लोहयुक्त खडे, कधी सिमेंटचे कण. रंगवलेली शोभेची वाळू तर घेऊच नका. तिच्यावरचा लेप वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात टिकेल असं कोण सांगणार?

सिलिकाची नको तितकी भीती, अ‍ॅरागोनाइटवर नको तितका विश्वास

नव्या टाकीत वाळूवर तपकिरी थर आला की दोष ताबडतोब सिलिका (क्वार्ट्झ) वाळूला दिला जातो. तो थर डायाटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि डायाटमना सिलिकेट लागतं हे खरं. पण त्यांना लागतं ते पाण्यात विरघळलेलं सिलिकेट. क्वार्ट्झचे दाणे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. अ‍ॅरागोनाइट वाळूच्या टाक्यांतही पहिल्या काही आठवड्यांत तोच थर येतो, कारण सिलिकेट बऱ्याचदा नळाच्या पाण्यातून आलेलं असतं. स्वच्छ, गोलसर दाण्यांची क्वार्ट्झ वाळू विषारी नाही. तिचे दाणे धारदार असतील तर मात्र वाळूत शिरणाऱ्या माशांना जखमा होतात. बोटांच्या चिमटीत चोळून बघा. टोचत असेल तर सोडून द्या.

अ‍ॅरागोनाइटबद्दलचा गैरसमज उलटा आहे. 'ही वाळू पीएच आणि केएच (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) सांभाळते, वेगळं काही घालायला नको.' रीफ टाकीचा पीएच साधारण ८.१ ते ८.४ असतो आणि त्या पाण्यात अ‍ॅरागोनाइट विरघळतच नाही. वाळूच्या आतल्या थरात, जिवाणूंच्या श्वसनामुळे पीएच उतरतो तिथे थोडंसं विरघळतं, पण वाढत्या कठीण प्रवाळांची भूक त्यावर भागत नाही. केएच मोजत राहावंच लागतं आणि कमी पडेल ते द्यावंच लागतं. तरीसुद्धा नव्या टाकीसाठी मी कोरडी, पॅकबंद अ‍ॅरागोनाइटच सुचवेन. कारण तिचा पूर्वेतिहास माहीत असतो आणि तिचा हलका रंग टाकी उजळवतो.

आधी वाळू, मग जनावरं

दाण्याचा आकार डोळ्यांना काय आवडतं यावर ठरवला जातो, आणि तिथेच घोळ होतो. दाणा ठरवण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: पाण्याचा प्रवाह किती जोरदार असणार आणि तळाशी कोण राहणार.

अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, पिठीसाखरेसारखी वाळू दिसायला मोहक असते. पण अ‍ॅक्रोपोरासारख्या प्रवाळांसाठी जोरदार वेव्हमेकर (लाटा उठवणारे पंप) लावले की ती एका कोपऱ्यात ढीग करते, दुसऱ्या कोपऱ्यात काच उघडी पाडते आणि उडून प्रवाळांवर बसते. वाळू ज्या प्रवाळावर साचून राहते तिथलं मांस मरतं. अशा टाकीत १ ते २ मिलिमीटरचा दाणा बरा. उलट ३ ते ५ मिलिमीटरचा कोरलचुरा जागचा हलत नाही, पण दाण्यांमधल्या फटीत अन्न आणि विष्ठा अडकते, आणि नायट्रेट का चढतंय हे कळत नाही.

आता तळाचे रहिवासी. डायमंड गोबी तोंडभर वाळू घेऊन कल्ल्यांतून चाळते आणि त्यातलं अन्न खाते. जाड चुरा तिला चाळता येत नाही, आणि ती खंगत जाते. हॅलिकोरिस जातीचे रास (wrasse) मासे रात्री आणि घाबरल्यावर वाळूत घुसतात. त्यांना मऊ वाळूचा किमान ५ सेंटिमीटर थर लागतो. जॉफिश हा मासा बिळं बांधतो. त्याला बारीक वाळूत शिंपल्यांचे आणि दगडांचे छोटे तुकडे मिसळून, आणखी खोल थर द्यावा लागतो, नाहीतर बीळ ढासळत राहतं. यांपैकी कोणीच ठेवायचं नसेल तर वाळू घालायलाच हवी असं नाही. प्रवाळ वाळूविना उत्तम वाढतात, उघडा तळ साफ करायलाही सोपा.

थराची खोली

शोभेसाठी आणि सफाईच्या सोयीसाठी ३ ते ५ सेंटिमीटर पुरे. नायट्रेट उतरवण्यासाठी खोल थर करायचा असेल तर १० सेंटिमीटरच्या पुढे जावं लागतं. ऑक्सिजन नसलेल्या त्या भागात जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. मधली खोली मला आवडत नाही. रासांसाठी ती घ्यावी लागते तेवढंच. एरवी ती धड उपसता येत नाही आणि खोल थराचं कामही पुरतं करत नाही.

किती लागेल ते मोजणं सोपं आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००, म्हणजे लिटर. कोरड्या अ‍ॅरागोनाइटसाठी लिटरला सुमारे दीड किलो धरा. ९० बाय ४५ च्या टाकीत ४ सेंटिमीटर थर हवा असेल तर १६ लिटर, म्हणजे साधारण २४ किलो.

आणि मोठे दगड आधी तळावर टेकवा, वाळू नंतर भरा. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली पिस्तूल कोळंबीने बीळ खोदलं की दगड कलंडतो, कधी काचेवर.

धुणं आणि 'लाइव्ह' पिशवी

कोरडी वाळू थोडी थोडी बादलीत घेऊन, हात घालून खळाळून धुवा. दुधासारखं पाणी ओतून द्या, पुन्हा भरा. शेवटचं पाणी आरओचं. लाइव्ह सँडच्या, म्हणजे जिवाणूंसकट मिळणाऱ्या वाळूच्या, ओल्या पिशवीवर मात्र धुवा की धुऊ नका ते लिहिलेलं असतं. ते पाळा आणि तारीख बघा. त्या पिशवीमुळे त्याच दिवशी मासे सोडता येतात, हे खरं धरू नका. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर स्थिरावल्याचं टेस्ट किटवर दिसेपर्यंत थांबा.

वाळू घातल्यावर बिघाड दिसला तर

वाळू घातल्याबरोबर पाणी गढूळ झालं तर ती धूळ आहे. फिल्टरला कापूस लावा आणि थांबा. एकदोन दिवसांत ती बसते. पण नितळ झालेलं पाणी काही दिवसांनी दुधाळ झालं तर ती बहुधा जिवाणूंची अचानक झालेली वाढ असते. तेव्हा वाळूला हात लावू नका, अमोनिया मोजा आणि पाण्यात हवा खेळती ठेवा.

वाळूवर तपकिरी भुकटी बसली की डायाटम. लालसर-जांभळी, सोलून निघणारी साय दिसली की सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर वाढणारे जिवाणू). तपकिरी, चिकट तारा आणि त्यांत अडकलेले बुडबुडे दिसले तर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा संशय घ्या. ही शेवटची पीडा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर उतरलेल्या टाक्यांत बऱ्याचदा येते. तिथे वाळू बदलणं आणि पाणी आणखी 'स्वच्छ' करणं हे दोन्ही उपाय उलटेच पडतात.

वाळूचे गठ्ठे बांधून दगडासारख्या वड्या झाल्या तर वाळूचा दर्जा तपासण्याआधी डोसिंग, म्हणजे कॅल्शियम आणि केएचची मात्रा कशी देता ते, बघा. चुन्याची निवळी किंवा केएचचं द्रावण एकाच जागी, कमी प्रवाहात पडत असेल तर कॅल्शियम कार्बोनेट तिथेच साक्याच्या रूपात बसतं आणि दाणे जोडले जातात. नळी जोरदार प्रवाहात हलवा, मात्रा तोडून तोडून द्या, आणि तयार झालेले गठ्ठे हाताने उचलून काढा.

चालू टाकीत वाळूची भर घालायची असेल तर वरून ओतू नका. जाड पाइप तळापर्यंत उभा धरून त्यातून थोडी थोडी सोडा, वेव्हमेकर बंद ठेवून. सगळी जुनी वाळू काढायचीच झाली तर एका वेळी चौथा भाग काढा आणि पुढच्या भागाआधी दोन-तीन आठवडे जाऊ द्या. त्या काळात अमोनिया मोजत राहा. काच पुसायचा चुंबक वाळूच्या रेषेच्या दोन बोटं वरच थांबवा. त्याखालचा पट्टा प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा, कारण पॅडखाली अडकलेला एक दाणा काचेवर कायमचा ओरखडा पाडतो.