नोकरीसाठी जपानी शिकताय? या चुका टाळा

ठाणे खाडीखालून बुलेट ट्रेनचा ७ किलोमीटरचा बोगदा होतोय, म्हणजे जपानीला स्कोप आहे, असं म्हणत ऐरोली-घणसोलीची मुलं क्लासला नाव घालतात. स्कोप आहेच, पण अभ्यास बहुतेक वेळा परीक्षेचा होतो, कामाचा नाही.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत, सगळ्यात सोपी पातळी एन-५ असो वा सगळ्यात अवघड एन-१, पर्याय निवडून उत्तरं द्यायची असतात. बोलणं-लिहिणं तपासतच नाहीत. म्हणून एन-३ हातात असूनही मुलाखतीत दोन वाक्यांनंतर गाडी अडते. शिवाय एन-३ ला १८० पैकी ९५ गुण पुरतात, या भ्रमात राहू नका. शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं या तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९ हवेत. एका विभागात १८ पडले, तर एकूण १२० असूनही नापास! घोडं पेंड खातं ते ऐकण्यात. ठाणे-वाशी लोकलमध्ये एकच उतारा पुन्हा पुन्हा ऐका आणि घरी मोठ्यानं म्हणा. (लोकलमध्ये म्हटलात तरी कोणी विचारणार नाही.)

शब्द देवनागरीत उतरवून घेणं सोयीचं वाटतं, पण त्यात 'आ' लहान की लांब ते कळत नाही. मग मावशी आणि आजी दोघीही 'ओबासान' होतात. हिरागाना आणि काताकाना या जपानी लिप्यांची मूळ अक्षरं प्रत्येकी ४६ आहेत, ती आधी पक्की करा. काताकाना टाळणाऱ्यांना पुढे ऑफिसचे कागद वाचताना घाम फुटतो, कारण त्या कागदांत परकीय शब्दांची रेलचेल असते आणि ते काताकानातच लिहितात.

सगळ्यात अवघड जातं ते केइगो, म्हणजे आदराची भाषा. आपल्याकडे साहेब कोणासमोरही साहेबच. जपानीत तसं नाही. समजा, तुमचे साहेब तानाका. ऑफिसात ते 'तानाका-सान' ('सान' म्हणजे आपलं 'जी') किंवा हुद्द्यानं 'बुचो', म्हणजे विभागप्रमुख. पण ग्राहकाचा फोन आला की नुसतं 'तानाका', पुढचं क्रियापदही नम्रतेचं, कारण ग्राहकापुढे आपली सगळी कंपनीच धाकटी. नियम पाठ असतो, तोंडातून मात्र 'सान' निघून जातंच. यावर उपाय एकच. क्लासमधल्या कोणाला तरी ग्राहक करा आणि फोन-फोन खेळा. साहेब बाहेर गेलेत, मीटिंगमध्ये आहेत, आज रजेवर आहेत, असे प्रसंग घ्या. ॲनिमेतली भाषा इथे कामाची नाही. ती मित्रांत ठीक, ग्राहकाला उर्मट वाटेल.

एन-२ च्या तयारीला लागलात की बीजेटी ही कामकाजाच्या जपानीची परीक्षाही बघा. तिच्यात पास-नापास नाही, ० ते ८०० गुण मिळतात आणि प्रश्न ऑफिसातल्याच प्रसंगांवरचे असतात.