जैवशोषकाने जड धातू काढताना या चुका टाळा

जैवशोषक म्हणजे पाण्यातील धातू स्वतःवर धरून ठेवणारा जैविक पदार्थ. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगचे, म्हणजे धातूचा मुलामा चढवण्याचे, काम करणाऱ्यांना भुईमुगाची टरफले स्वस्तात मिळतात, आणि ती जैवशोषक म्हणून वापरून सांडपाण्यातील क्रोमियम किंवा निकेल पकडण्याची कल्पना मला मनापासून पटते. धातू मात्र नष्ट होत नाही, तो फक्त जागा बदलतो, आणि तो नेमका कुठे गेला हे न विचारल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

सर्वांत फसवी चूक क्रोमियमची आहे. आम्ल पाण्यात, म्हणजे पीएच 2 च्या आसपास, षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे अधिक विषारी रूप) टरफलांवर चिकटते, पण त्यातील बराच भाग टरफलांतील सेंद्रिय पदार्थांमुळे त्रिसंयुजी (कमी विषारी) रूपात बदलून पुन्हा पाण्यातच राहतो. डायफेनिलकार्बाझाइडची चाचणी फक्त षट्संयुजी क्रोमियम मोजत असल्याने जांभळा रंग उमटत नाही आणि आपण काम फत्ते झाल्याचे समजतो. विद्यार्थ्यांच्या वह्यांत असे निष्कर्ष मी अनेकदा पाहिले आहेत. म्हणून एकूण क्रोमियमही मोजावेच. नदीनाल्यात सोडण्याच्या पाण्यासाठी षट्संयुजीची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम, तर एकूण क्रोमियमची 2 मिलिग्रॅम आहे.

निकेलची गोष्ट उलट आहे. त्याला साधारण 5 ते 6 पीएच मानवतो. पीएच फार वाढवला तर निकेल हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसते आणि त्याचे श्रेय मात्र टरफलांना दिले जाते. ही शंका दूर करण्यासाठी तेच पाणी टरफले न घालता, त्याच पीएचला, तितकाच वेळ ढवळून पाहावे. दोन धातूंना दोन वेगळे पीएच लागत असल्याने क्रोमियम आणि निकेल प्लेटिंगच्या टाक्यांचे धुण्याचे पाणी सुरुवातीपासून वेगळे ठेवणेच शहाणपणाचे आहे.

प्लेटिंगमध्ये सायनाइड वापरत असाल, तर ते पाणी कधीही आम्लात मिसळू नका, कारण त्यातून प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. आधी अल्कधर्मी क्लोरिनेशनने, म्हणजे पाणी अल्कधर्मी ठेवून क्लोरीनच्या प्रक्रियेने, सायनाइड नष्ट करावे.

प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाण्यातील द्रावणावर मिळालेली टरफलांची धातू धरण्याची क्षमता जशीच्या तशी कारखान्याच्या हिशेबात धरू नये. बोअरच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टरफलांवरील त्याच जागांसाठी धातूंशी स्पर्धा करतात. टरफले न धुता वापरली तर त्यांचा तपकिरी रंग पाण्यात उतरतो आणि सीओडी (पाण्यातील सेंद्रिय प्रदूषणाचे माप) वाढतो. पाणी गाळून सोडण्याच्या नळीत टरफलांची फार बारीक भुकटी भरल्यास नळी तुंबते, म्हणून अर्धा ते एक मिलिमीटरचे कण बरे.

वापरून झालेली टरफले शेतात, खतात किंवा चुलीत जाऊ देऊ नयेत. आता त्यांत क्रोमियम आणि निकेल साठलेले असते, म्हणून ती घातक कचरा मानून बंद पिंपात, धातूचे नाव आणि तारीख लिहून ठेवावीत आणि अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच सोपवावीत.