नॅनोविज्ञानाचे प्रात्यक्षिक शिकवताना या चुका टाळा

नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा कितवा भाग, एवढे सांगून पहिले व्याख्यान संपवले, तर आकार घटल्यावर पदार्थ वेगळा का वागतो हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. त्यापेक्षा 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचे 1 नॅनोमीटर बाजूचे घन केले तर एकूण पृष्ठफळ किती होईल, हा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. 6 चौरस सेंटिमीटरचे 6,000 चौरस मीटर झालेले त्यांना स्वतःला दिसले, की पुढचे बरेचसे सांगावे लागत नाही.

खरे नुकसान लिथोग्राफीच्या, म्हणजे वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) प्रकाशाच्या साहाय्याने सूक्ष्म नक्षी उमटवण्याच्या तासाला होते. वेळ, तापमान आणि रेझिस्ट (प्रकाशसंवेदी लेप) पसरवताना वेफर फिरवण्याचा वेग लिहिलेला तयार कागद हाती देऊन चांगला वेफर मिळवणे एवढेच ध्येय ठेवले जाते, आणि बिघडलेला वेफर कचऱ्यात जातो. माझ्या मते बिघडलेला वेफरच सर्वाधिक शिकवतो, म्हणून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कारणापर्यंत मागे जाण्याची सवय लावावी. डेव्हलपरमध्ये (नको असलेला रेझिस्ट विरघळवणाऱ्या द्रावणात) नक्षी सुटून वाहून गेली, तर बहुधा पृष्ठभागावर ओलावा राहिलेला असतो. अशा वेळी लेपनापूर्वी वेफर तापवून कोरडा करावा आणि एचएमडीएसचा (रेझिस्ट चिकटून राहण्यास मदत करणाऱ्या रसायनाचा) थर द्यावा. धूमकेतूसारखे पट्टे धुळीच्या कणामुळे उमटतात. कडेला रेझिस्टचा उंचवटा राहिला, तर मास्क (नक्षी कोरलेली काच) वेफरला नीट टेकत नाही आणि मधल्या फटीतील विवर्तनामुळे (प्रकाश कडेपाशी वळून पसरल्यामुळे) रेषा पुसट होतात. फिरवण्याचा वेग दुप्पट केला की रेझिस्टची जाडी निम्मी होईल, असे विद्यार्थी हमखास गृहीत धरतात. प्रत्यक्षात जाडी वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे मिनिटाला 2,000 ऐवजी 4,000 फेरे ठेवल्यास ती साधारण 70 टक्के उरते. हे प्रयोग करताना एका वेळी एकच घटक बदलू द्यावा, कारण उद्भासनाचा (प्रकाश पाडण्याचा) आणि डेव्हलपिंगचा वेळ एकदम बदलला की सुधारणा कशामुळे झाली हे कोणालाच सांगता येत नाही.

सोन्याच्या नॅनोकणांचे लालभडक द्रावण जांभळे किंवा निळे पडले, तर कण एकत्र आलेले असतात. काचपात्रे नीट धुतली गेली होती का आणि द्रावणात कुठून क्षार मिसळला, हे आधी तपासावे.

अणुबल सूक्ष्मदर्शकाचे (अतिसूक्ष्म टोक पृष्ठभागावरून फिरवून उंचसखलपणा टिपणाऱ्या उपकरणाचे) चित्र म्हणजे छायाचित्र, हा समज वेळीच दूर करावा. टोकाची त्रिज्या 10 नॅनोमीटर असेल, तर 5 नॅनोमीटर व्यासाचा गोल कण सुमारे 20 नॅनोमीटर रुंद दिसतो, उंची मात्र बरोबर येते. त्यामुळे कणाचा आकार उंचीवरून मोजायला शिकवावे. सगळेच कण एकाच दिशेने एकसारखे वेडेवाकडे दिसू लागले, तर दोष नमुन्यात नसून टोकात असतो आणि ते बदलावे लागते.

हायड्रोफ्लोरिक आम्ल नवशिक्यांच्या हाती देऊ नये. सौम्य द्रावणाने झालेल्या इजेची वेदना काही तासांनी जाणवू शकते, म्हणून ते आम्ल खोलीत असेपर्यंत कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असावे आणि थेंब उडाल्याची नुसती शंका आली तरी त्वचा लगेच भरपूर पाण्याने धुऊन जेल लावावे व तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.