बजेट ग्राफिक्स कार्डची किंमत रास्त आहे का, हे कसं ठरवावं

कार्डची किंमत जाहीर होते डॉलरमध्ये आणि तीही कराशिवाय. त्यामुळे आधी तिचे रुपये करा: डॉलरला त्या दिवशीच्या दराने गुणा, वर १८ टक्के जीएसटी लावा. मे २०२५ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० हे कार्ड २९९ डॉलरला आलं. डॉलर ८५ रुपये धरला तर २५,४१५, जीएसटी धरून जवळपास ३०,०००. आयातदार आणि दुकानदाराचे म्हणून आणखी पाच-सात टक्के चालतील. पंधरा टक्क्यांच्या वर मागत असतील तर महिनाभर थांबा, सुरुवातीचा भाव बहुतेकदा चढाच असतो. तिसरा पंखा आणि रंगीत दिव्यांसाठी जादा पैसे मुळीच देऊ नका. १४५ वॉटच्या कार्डाला दोन पंखे पुरतात.

मग मेमरी बघा, कारण लोक सर्वाधिक फसतात ते इथेच. आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी आहे, तर २४९ डॉलरच्या इंटेल आर्क बी५८० मध्ये १२ जीबी. नव्या गेममध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांचा तपशील) ‘अल्ट्रा’ या वरच्या दर्जावर ठेवलं की ८ जीबी भरून जाते आणि उरलेला डेटा संगणकाच्या रॅममध्ये जातो. कार्डची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वाहून नेते. रॅमकडची वाट मात्र मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या पीसीआयई स्लॉटमधून जाते आणि हे कार्ड त्यातल्या आठच लेन (डेटाच्या मार्गिका) वापरतं. बी४५० किंवा एच४१० सारख्या जुन्या मदरबोर्डवर स्लॉट पीसीआयई ३.० चा, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. मग सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, सरासरी चांगली दिसते, पण गेम मध्येच अडखळतो. म्हणून चाचण्यांमध्ये सरासरीसोबत ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, हा आकडा बघाच.

बी५८० स्वस्त दिसलं तरी त्याला रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, लागतेच. त्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ चालू आणि ‘सीएसएम’ हा जुन्या पद्धतीचा पर्याय बंद करता येतो का, ते खरेदीआधी तपासा. प्रोसेसर जुना असेल तर हे कार्ड पूर्ण वेगाने चालत नाही.

आता एका फ्रेमचा भाव काढा. समजा एक कार्ड २५,००० चं, सेकंदाला ६२ फ्रेम देतं: फ्रेममागे ४०३ रुपये. दुसरं ३०,००० चं, ७० फ्रेम: ४२९. पहिलंच स्वस्त वाटतं. पण ते जास्त वीज खात असेल आणि त्यापायी ४,५०० चा नवा पॉवर सप्लाय घ्यावा लागला, तर तोच भाव ४७६ वर जातो. हिशेब नेहमी स्वतःच्या संगणकाचा करा आणि फ्रेमचे आकडे तुमच्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनचे घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात घ्या की ऑनलाइन, जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. खोका, कार्ड आणि बिल, तिन्हींवर तो एकच हवा. वॉरंटी भारतातल्या अधिकृत वितरकाची आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारा. बाहेरून परस्पर आणलेलं कार्ड दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळालं, तरी बिघडल्यावर ते इथे कोणी दुरुस्तीला घेईलच असं नाही.