या चुका टाळा : महायुद्धाच्या काळातला विनोदी विज्ञान-हेरपट करताना

हेरगिरी, विज्ञानकथा आणि विनोद एकाच पंधरा मिनिटांच्या शॉर्टफिल्ममध्ये घेतले की बहुतेक वेळा तिन्ही पडतात. कारण एकच असतं. सगळेच विनोद करायला लागतात. हेर वेंधळा, इन्स्पेक्टर बावळट, यंत्र वाटेल ते करणारं, आणि युद्ध म्हणजे मागे वाजणारा भोंगा. मग प्रेक्षकाने काळजी कशाची करायची? युद्ध खरं ठेवा आणि पात्रांना आपापलं काम गंभीरपणे करू द्या. अशक्य गोष्ट एकच असावी, ती म्हणजे यंत्र.

यंत्राला नियम न देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती शूटिंगच्या आधी कागदावरच होते. यंत्र काय करतं हे एका वाक्यात लिहा, काय करू शकत नाही हे दुसऱ्या वाक्यात. उदाहरणार्थ, 1943 सालच्या कोल्हापुरातल्या एका मेस्त्रींनी बनवलेला रेडिओ तासाभरानंतरच्या बातम्या आत्ता ऐकवतो, पण त्याच्यावरून उलट बोलता येत नाही. ही कल्पना कोल्हापुरात खपते. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास इथेच सिनेमाचा कॅमेरा घडवला होता, त्यामुळे गावच्या कारागिराने काहीतरी अचाट बनवलं हे पटवायला वेगळा सीन खर्च करावा लागत नाही.

आता विनोद नियमातूनच निघतो. सरकारने 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत घड्याळं एक तास पुढे केली होती. म्हणजे यंत्र खरंच तासभर पुढचं ऐकतंय, की मेस्त्रींनी घड्याळ बदललंच नाही, हे ना हेराला कळेल ना पोलिसांना. त्यात मुंबईहून आलेला माणूस ‘मुंबई टाइम’वर चालणारा असेल, तर तो नेहमीच्या भारतीय वेळेपेक्षाही 39 मिनिटं मागे. तिघांनी ‘सहाला भवानी मंडपात’ ठरवलं की गोंधळ आपोआप होतो, त्यासाठी कुणाला केळीच्या सालीवरून पाडायला नको.

नियम मोडायचा मोह शेवटच्या तीन मिनिटांत होतो. शेवट जुळत नाही म्हणून यंत्र अचानक बोलायला लागतं किंवा माणूस गायब करतं. तिथे प्रेक्षक सुटतो. शेवट जुळत नसेल तर पहिली दोन पानं दुरुस्त करा.

कुणाला काय माहीत आहे, याचा हिशेब न ठेवणं

प्रत्येक सीनपुढे तीन रकाने आखा: हेराला काय माहीत, पोलिसाला काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत. प्रेक्षकाचा रकाना रिकामा असेल तर हसू येणार नाही, तिन्ही सारखे असतील तर ताण राहणार नाही. बारा-पंधरा मिनिटांत एक गुपित आणि एकच दगाबाजी पुरते. दुसरा दगा घातला की संवादांतून खुलासे करत बसावं लागतं.

हेर पकडला कसा जातो, हे गावातूनच काढा. कोल्हापुरी बाई ‘मी येतो’, ‘मी आलो’ म्हणते. पुण्याहून पाठवलेली हेर बाई चहा पिऊन ‘बरंय, मी येते’ म्हणाली की घरमालकीण मान वर करते. मात्र हे नंतर कुणी समजावून सांगू नये.

काळाच्या चुका

तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होतं, मुंबई इलाख्यातला जिल्हा नव्हे. राजाराम महाराज 1940 मध्ये वारले, त्यामुळे 1943 च्या कथेत त्यांच्या दरबाराचा सीन घालू नका. रेडिओवर ‘हे आकाशवाणी पुणे’ म्हणवू नका, पुणे केंद्र 1953 चं. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे. दशमान नाणी 1957 पासून. भोकाचा पैसा 1943 मध्ये आला, म्हणजे 1942 च्या कथेत तो चालणार नाही. 1943 च्या कथेत मात्र मायक्रोफिल्मची सुरळी त्या भोकात बसवायची खटपट करणारा हेर फुकट मिळालेला गमतीचा सीन आहे. मैलाच्या दगडावर किलोमीटर नको आणि टेबलावर बॉलपेन नको. मिरज-कोल्हापूर लाइन तेव्हा मीटरगेज, म्हणजे आजच्यापेक्षा अरुंद रुळांची होती आणि गाड्या वाफेवर चालत, त्यामुळे आजच्या स्टेशनवर विजेच्या तारांसकट शॉट घेतलात तर पहिल्याच फ्रेमला पकडले जाल. फलाटावरची बंद खिडकी, वाफ आणि शिट्टीचा आवाज एवढ्यावर भागवा.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीबद्दल जरा थांबून. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हाकललेली ही माणसं इराणमार्गे इथवर पोचली होती. हेरपटाला हा परिसर आयता वाटतो, आणि तिथेच घसरायला होतं. गोरा दिसला की जर्मन, असं लिहू नका. सगळ्यांच्या तोंडी फाडफाड इंग्रजीही घालू नका, त्यांची भाषा पोलिश. विनोद करायचा तर कागदपत्रांवर करा, शिक्के मारणाऱ्या कारकुनावर करा, निर्वासित असण्यावर नको.

यंत्र खेळण्यासारखं दिसणं

लाल-निळे एलईडी आणि आकडे दाखवणारा डिस्प्ले ही पहिली चूक. ट्रान्झिस्टरच मुळी डिसेंबर 1947 चा. तेव्हा रेडिओत व्हॉल्व्ह, म्हणजे तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्या होत्या. विज्ञानकथेचा हिरवा उजेड हवाच असेल तर ‘मॅजिक आय’ व्हॉल्व्ह वापरा. तो 1935 पासून रेडिओत होता आणि स्टेशन लागलं की डोळ्यासारखा मिटतो.

खोकं 12 मिमी प्लायचं, साधारण 18 बाय 12 बाय 10 इंच, चपड्याचं पॉलिश केलेलं. स्क्रू एका खाचेचेच लावा, क्लोजअपमध्ये प्लस स्क्रू लगेच दिसतो. आजची पीव्हीसी वायर पोकळ गोल बुटाच्या नाडीत ओवली की जुन्या कापडी वायरसारखी दिसते. काट्याचे मीटर आणि पितळी नॉब शिवाजी उद्यमनगरात किंवा भंगारवाल्याकडे मिळतात; दुरुस्त नसले तरी चालतील, काटा मागून दोऱ्याने हलवता येतो. जुना रेडिओ खरोखर लावू मात्र नका. व्हॉल्व्ह सेटमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. आतलं सगळं काढून 6 व्होल्टचा पिवळसर बल्ब लावा.

रिकामं खोकं उचलताना हात कसा हलका जातो, हे कॅमेरा लपवत नाही. त्या काळचा हेरांचा सूटकेस-सेट सुमारे 15 किलोचा असे. आत निदान 5-6 किलो वाळूची पिशवी ठेवा, नटाचा खांदा आपोआप खाली येईल.

स्विच दाबताच आवाज येणं ही दुसरी चूक. व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद लागतात. हा वेळ एडिटमध्ये कापू नका. दारावर पोलिस, आणि यंत्र तापतंय. तीच गोष्ट एरियलची. सेटला पन्नास-साठ फूट तार लागायची. ती अंगणात ओढली की शेजारीण त्यावर लुगडं वाळत घालणारच.

शूटिंग आणि एडिट

एलईडी बल्बखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटरवर या. आपली वीज 50 हर्ट्झची आहे. बल्बला डिमर असेल तर पट्टे येऊ शकतात. डिमर पूर्ण वर ठेवून उजेड कापडाने कमी करा.

विनोदी वाक्यानंतर टुंग-फुस्स असे आवाज टाकू नका. समोरच्याच्या चेहऱ्यावर 12 ते 18 फ्रेम जास्त थांबा आणि मग कट करा. तरीही हसू येत नसेल तर कट बदलत बसण्याआधी ते वाक्य नटाने हसत म्हटलंय का ते बघा. बहुतेकदा तेच असतं.

मोरेवाडीच्या चित्रनगरीत शूट असेल तर उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे, विमानांच्या वेळा आधी काढून संवादांचे टेक त्यांच्या मध्ये बसवा. ड्रोन उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी पोर्टलवरचा ड्रोनचा नकाशा बघा: विमानतळाच्या 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांच्या वर. पन्हाळ्याच्या संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याचा अर्ज बरेच दिवस आधी करा. आणि खाकी वर्दी, लाकडी बंदूक घेऊन रस्त्यावर उतरायचं असेल तर जवळच्या पोलिस ठाण्यात तारीख, जागा, वेळ आणि बंदुका खोट्या असल्याचं लेखी द्या. शिक्का मारलेली प्रत सेटवर प्रॉडक्शन सांभाळणाऱ्याच्या खिशात असू द्या.